गाडीतळावरची पहिली ओळ

निलंग्याच्या बाजारात गुरम्माच्या रागाची ख्याती होती. ती लांबून येताना दिसली की भाजीवाल्या शिळी मेथी टोपलीच्या तळाशी सारायच्या आणि काट्याखाली चिकटवलेली चिंच गुपचूप काढून घ्यायच्या. नवरा अमरनाथ मात्र लोण्यासारखा मऊ माणूस. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून तो गिऱ्हाईकांना सांगायचा, "आमच्या घरी गॅस लागत न्हाई. हिच्याजवळ पातेलं ठेवलं की दूध उतू जातंय."

दुकानामागच्या बोळात गुरम्माचं भाकरी केंद्र होतं. सात-आठ बाया सकाळपासून ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या, वाळवून कडक करायच्या. निलंग्याच्या कडक भाकऱ्या पार पुण्यापर्यंत जात. पण ज्या शेडमध्ये त्या भाजल्या जात, ते शेड पत्र्याचं होतं. वर पत्रा, बाजूला पत्रा, मध्ये चुली. एप्रिल लागला की भाकरी तव्यावर भाजते की हवेत, हेच कळेनासं व्हायचं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात सिंधु तव्यावर पडली.

सिंधु मूळची किनवटकडची, इस्लापूरची. नवरा ट्रकवर क्लीनर, आठवड्यातून एकदा तोंड दाखवणारा. पदरात दोन वर्षांची मुलगी. स्टँडमागच्या पत्र्याच्या खोल्यांत ती भाड्यानं राहायची. दिवसभर केंद्रातला पत्रा, रात्रभर घरचा पत्रा. पोरीच्या पाठीवर घामोळ्यांचे फोड आले होते म्हणून ती रात्रभर ओला पदर घेऊन वारा घालत बसायची. त्या दुपारी थापता थापता तिचे डोळे फिरले आणि ती पुढं कलंडली. उजवा हात कोपरापर्यंत तव्यावर टेकला.

गुरम्मानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरनं हाताला मलम लावलं, सलाईन लावलं आणि म्हणाला, "उष्माघात आहे. चार-आठ दिवस यांना थंड जागी ठेवा."

"थंड जागा?" गुरम्मा म्हणाली. "गोळ्या लिहून देताव, तसं तेबी लिहून द्या की. निलंग्यात गरिबाला थंड जागा कुठं मिळतीय, त्या दुकानाचं नाव लिवा."

डॉक्टरनं चिठ्ठीवर मलमाचं नाव लिहिलं. त्याचा काही दोष नव्हता, हे गुरम्मालाही कळत होतं. पण राग कुणाच्या दोषाची वाट बघत नसतो.

तिनं सिंधुला आणि पोरीला आपल्या घरी आणलं. गुरम्माचं घर स्लॅबचं, दोन मजली. तिथंही रात्री भिंतींतून वाफ यायची. सिंधु जिन्याखालच्या फरशीवर पोरीला घेऊन पडून राहायची.

सिंधु पडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक बाई चार विद्यार्थी घेऊन भाकरी केंद्रात आल्या. त्यांचं नाव मुग्धा. वय तिशीच्या आसपास, वडील मास्तर, स्वतःही प्राध्यापक. पोरांनी पत्र्याला थर्मामीटर टेकवून आकडे घ्यायला सुरुवात केली, तशी गुरम्मा उठली.

"काय करायलेत हे?"

"मावशी, उन्हाळ्यात पत्र्याखाली किती ताप होतो ते मोजतोय."

"मोजून झाल्यावर?"

"अहवाल लिहिणार."

"आन् मंग?" गुरम्मानं एका पोराच्या हातातलं थर्मामीटर काढून घेतलं. "हिथं बाई भाजली मॅडम. तिच्या हाताची कातडी तव्याला चिकटली. ताप मोजायला आलात? बसा हिथं, दुपारभर भाकऱ्या थापा. न मोजता कळंल."

मुग्धा घाबरली नाही. तिनं खरोखर पदर खोचला आणि परातीसमोर बसली. तिच्या भाकरीला कडा नव्हती, ती तव्यावर टाकताना फाटली, पण ती पाच वाजेपर्यंत उठली नाही. जाताना म्हणाली, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं ओरडताय. कुणी ऐकलं? मोजलं की निदान नाही म्हणायला त्यांना अवघड जातं. जागा असेल तर मी घराचे नकाशे काढून देते. थंड राहणारी, कमी खर्चाची घरं. पण जागा तुम्हाला शोधावी लागेल."

जागा गुरम्माला शोधावी लागली नाही. ती तिच्या रोजच्या वाटेवर होती.

गावाबाहेर, उदगीरच्या रस्त्याला, गाडीतळ होता. पूर्वी खेड्यापाड्यांतून माल घेऊन बैलगाड्या बाजाराला यायच्या, तेव्हा माणसांना आणि बैलांना टेकायला जागा हवी म्हणून अमरनाथच्या समाजातल्या चार व्यापाऱ्यांनी आपली जमीन सोडली होती. त्यांत गुरम्माचे सासरे मडिवाळप्पाही होते. विहीर खणली, लिंबाची झाडं लावली, जमीन समाजाच्या मंडळाच्या नावे केली. मग टेम्पो आले, बैल गेले. आता तिथं वेड्या बाभळी माजल्या होत्या आणि विहिरीत गावचा कचरा पडत होता.

मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब, मोंढ्यातले, धान्यबाजारातले मोठे आडते, नात्यानं अमरनाथचे चुलतभाऊ. रविवारच्या बैठकीत गुरम्मा जाऊन बसली. बैठकीला बाया येत नसत, कुणी त्यांना अडवलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं.

"वहिनी, बसा बसा," आप्पासाहेब म्हणाले. "चहा घ्या. काय काम काढलं?"

"गाडीतळावर घरं बांधा, भावजी. पत्र्याखाली ऱ्हाणाऱ्या माणसांसाठी. भाडं परवडंल असं. जमीन आपली हाय, फुकट पडून हाय."

आप्पासाहेब हसले. त्यांचं हसणं मोठं होतं, आडतीच्या लिलावात भाव तोडताना हसायचं तसं. "गाडीतळाचं ठरलंय की. तिथं मंगल कार्यालय व्हायलंय. एसी हॉल, वर खोल्या, पुढं दुकानं. समाजाची शान वाढंल."

"शानीला काय चुलीत घालू? माणसं भाजायली."

"वहिनी, घरं बांधणं सरकारचं काम हाय. तुम्ही भाकऱ्या बघा. लई छान करताव."

सगळे हसले. गुरम्मानं हातातली कपबशी खाली ठेवली, आणि बशीचे दोन तुकडे झाले. ती फोडायची म्हणून फोडली नव्हती, हात तेवढा जोरात आला. "नकाशा आणते," ती म्हणाली. "मंग हसून दाखवा."

मुग्धा नकाशा घेऊन आली तेव्हा पाऊसकाळ संपत आला होता. दुकानाच्या ओट्यावर कागद पसरून तिनं दाखवलं. समोरासमोर खिडक्या, वारा आरपार जाईल अशा. पश्चिमेला रुंद व्हरांडा. लिंब एकही तोडायचा नाही. स्लॅबच्या पोटात मातीची कौलं घालायची म्हणजे सिमेंट कमी लागतं आणि ताप खाली उतरत नाही. वरून पांढरा चुना. गुरम्माचे डोळे लकाकले. हात बरा झाल्यावर पत्र्याच्या खोलीत परतलेली सिंधु पोरीला कडेवर घेऊन मागं उभी होती, ती बोटानं नकाशातलं न्हाणीघर शोधत होती.

"आन् भिंती?" गुरम्मानं विचारलं.

"मातीच्या विटांच्या. तिथलीच तांबडी मुरमाड माती घ्यायची, थोडं सिमेंट मिसळायचं, मशीनमध्ये दाबायची. भाजायची नाही. भट्टी नाही, धूर नाही, आणि भिंत..."

पुढचं गुरम्मानं ऐकलं नाही. तिनं नकाशा गोळा केला आणि ओट्यावरून खाली फेकला.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ हितनं."

"मावशी, काय झालं?"

"मातीनं माझी माय खाल्ली. अन् तू मला माती दाखवायलीस?"

गुरम्माचं माहेर किल्लारीच्या बाजूला. भूकंपाच्या साली ती नवी नवरी होती, निलंग्याला सासरी. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद सगळं एकदम खाली बसलं. अमरनाथनं तिला जीपमध्ये घालून नेलं तेव्हा माहेरच्या गल्लीच्या जागी ढीग होता. ढिगातून पहिल्यांदा लहान भावाचा हात निघाला, मग आई. आईच्या तोंडात माती होती. गुरम्मानं ती स्वतःच्या बोटांनी काढली. त्या दिवसापासून तिनं अंगणसुद्धा सारवलं नव्हतं, फरशी घातली होती.

मुग्धानं कागद उचलले, धूळ झटकली आणि निघून गेली. सिंधु दोन दिवस गुरम्माशी बोलली नाही.

"तुलाबी राग आला का माझा?" शेवटी गुरम्मानं विचारलं.

"तुमचं बरोबर हाय अक्का," सिंधु म्हणाली. "पन मला रोज पत्रा मारून राहिला. मातीनं मरायला भूकंप यावा लागतो. पत्र्याला फकस्त मे महिना लागतो."

गुरम्माला त्या बोलण्याचा फार राग आला, कारण ते खरं होतं.

हिवाळ्यात मुग्धाचा फोन आला. "मावशी, कॉलेजच्या मागं एक भिंत बांधली आहे. मातीच्या विटांची. तुम्ही येऊन ती पाडा."

"काय?"

"पाडा म्हणतेय. घण आणून ठेवलाय."

गुरम्मा एसटीनं लातूरला गेली, सिंधुला बरोबर घेऊन. मोकळ्या मैदानात भिंत उभी होती, कोपरा असलेली, दाराचं एक भोक ठेवलेली. तांबूस, नीटस. आजूबाजूला पोरं-पोरी उभी होती. मुग्धानं घण पुढं केला. गुरम्मानं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि पहिला घाव घातला.

टवका उडाला. तिनं दुसरा घातला. तिसरा. पोरांनी मोबाईल काढले होते, ते हळूहळू खिशात गेले. बाई भिंत पाडत नव्हती. ती मोठमोठ्यानं बोलत होती, माहेरच्या कानडीत आणि मराठीत, आईचं नाव घेऊन, भावाचं नाव घेऊन, आणि प्रत्येक नावावर घण पडत होता. विटा फुटल्या, भगदाड पडलं, दाराच्या वर तडा गेला. पण कोपरा उभा राहिला, दारावरचा पट्टा उभा राहिला. फुटलेल्या विटांतून आतल्या सळया दिसायला लागल्या, आणि भिंत त्यांना धरून तशीच उभी. शेवटी गुरम्माच्या हातातून घण गळून पडला. तिच्या तळव्यांना रक्त आलं होतं.

सिंधु पाणी घेऊन पुढं आली. गुरम्मानं ते घेतलं नाही. ती मुग्धाकडं वळली.

"हे कशानं उभं हाय?"

"कोपऱ्यात सळई. जोत्यावर, दारावर आणि छताखाली असे तीन काँक्रीटचे पट्टे, घराला भोवती बांधल्यासारखे. भिंत तडकते, पण घर माणसावर बसत नाही. माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो."

"हे आता निघालं?"

मुग्धाला खोटं बोलणं सोपं होतं. "नाही मावशी. हे जुनं आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं."

"भूकंपाच्या आधी?"

"हो."

"कुणाला म्हाईत होतं?"

"शिकलेल्यांना. पुस्तकांत होतं."

सगळ्यांना वाटलं आता ही रडेल. गुरम्मा रडली नाही. ज्या मातीवर ती आयुष्यभर चिडून होती, त्या मातीचा गुन्हाच नव्हता. चार सळया आणि तीन पट्टे. तेवढ्यावर तिची आई आज म्हातारी होऊन ओट्यावर बसली असती. ते कुणालातरी माहीत होतं आणि तिच्या गावापर्यंत ते कुणी आणलं नव्हतं. एवढा मोठा राग तिला कधीच आला नव्हता आणि मारायला समोर कुणी नव्हतं.

"बांध," ती मुग्धाला म्हणाली. आवाज बसला होता. "बांध ही घरं. आन् ह्या पोरांना सांग, शिकून झाल्यावर गप बसायचं न्हाई. गावात येऊन वरडायचं."

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. औसा गेल्यावर सिंधु हळूच म्हणाली, "अक्का, हात दाखवा." आणि तिनं आपल्या डाग पडलेल्या हातानं गुरम्माचे तळवे रुमालानं बांधले.

माघात पुन्हा बैठक झाली. या वेळी मुग्धाही होती. तिनं आकडे मांडले, उतारे दाखवले, प्रश्नांना उत्तरं दिली. गाडीतळाच्या मागच्या बाजूला घरांच्या चार ओळी बसत होत्या. बांधकामाला सरकारी योजनेतून मदत मिळणार होती, जमीन मंडळाचीच राहणार होती. कुणाला हरकत घ्यायला जागा उरली नाही. मग आप्पासाहेबांनी घसा खाकरला.

"काम चांगलं हाय. आम्ही काय समाजाच्या गरिबांचे वैरी न्हाई. बांधू. पन घरं फकस्त आपल्या समाजातल्यांना."

गुरम्मा ताठ झाली. "सिंधुला?"

"ती आपली न्हाई, वहिनी. जमीन समाजाची हाय."

"आपल्या समाजातले कितीजण पत्र्याखाली ऱ्हायलेत?"

"असतील की चार-दोन घरं."

"म्हंजे चार-दोन घरं बांधणार आन् बाकी जागेवर हॉल." गुरम्मा उभी राहिली. "भावजी, माझ्या सासऱ्यानं जमीन दिली तवा गाड्या कुणाच्या यायच्या? मांगाची गाडी यायची, मुसलमानाची यायची, हटकराची यायची. बैलाला कुणी जात इचारली न्हाई. त्याच हिरीचं पाणी बैल प्यायले. आन् तुम्ही गळ्यात लिंग घालून बाईला जात इचारायलात?"

"तोंड सांभाळून बोला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तोंडच सांभाळलं आजवर. म्हणून बाभळी उगवल्या."

सगळ्यांसाठी घरं की मंगल कार्यालय, यावर मतं घेतली. हात वर झाले. अमरनाथही बैठकीत होता. त्यानं आजवर चारचौघांत कुणाच्या विरोधात बोट उचललं नव्हतं. त्यानं बायकोकडं पाहिलं, आप्पासाहेबांकडं पाहिलं आणि गुरम्माच्या बाजूनं हात वर केला. त्याच्यासोबत आणखी दोन-तीन हात. बाकी सगळे दुसरीकडं. मंगल कार्यालयाचा ठराव पास झाला.

बसव जयंती ऐन उन्हाळ्यात आली. दरवर्षी मंडळाचा मोठा महाप्रसाद असायचा, आसपासच्या खेड्यांतून माणसं यायची, आणि भाकऱ्या गुरम्माच्या केंद्रातून जायच्या. त्या वर्षी तिनं निरोप पाठवला की भाकरी मिळणार नाही. आप्पासाहेबांनी लातूरहून आचारी आणला. पुऱ्या ठरल्या.

जयंतीच्या सकाळी मिरवणूक संपून लोक गावाच्या कडेच्या मांडवाकडं निघाले, तेव्हा उदगीर रस्त्यावरून धूर दिसला. गाडीतळावर बाभळी तोडून एक पट्टा मोकळा केला होता. लिंबांखाली चुली मांडल्या होत्या. गुरम्मा, सिंधु, केंद्रातल्या सगळ्या बाया भाकऱ्या थापत होत्या. शेंगदाण्याची चटणी, झुणका, कांदा. पाटी नाही, माईक नाही. येईल त्याला वाढायचं.

पहिल्यांदा रिक्षावाले आले. मग हमाल. मग पत्र्याच्या खोल्यांतली लेकरं. मग मांडवातून एक म्हातारा ताट हातात घेऊन चालत आला, पुऱ्यांसकट. "बाई, मला दात न्हाईत," तो म्हणाला. "ह्या पुऱ्या वाकत बी न्हाईत. गरम भाकरी टाक." त्याच्यामागं आणखी दोघं. थोड्या वेळात मांडवापासून गाडीतळापर्यंत ताटं घेतलेल्या माणसांची रांग लागली. जे कुणी येई त्याला गुरम्मा एकच सांगे, भाकरी देताना, डोळ्यात बघून: "हितं घरं व्हायला पायजे. सगळ्यांसाठी. तुमच्या अध्यक्षाला सांगा."

आप्पासाहेब स्वतः आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. रेशमी सदरा घामानं अंगाला चिकटला होता. त्यांच्यामागं त्यांची बायको अंबिका, मोत्यांची नथ, जरीचं पातळ.

"वहिनी, समाजाची अब्रू रस्त्यावर आणली तुम्ही."

"अब्रू तिथंच हाय, मांडवात, पुऱ्यांसंगं," गुरम्मा म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "हितं भूक आलीय."

आप्पासाहेब काही बोलणार तोच अंबिका पुढं झाली. तिनं जरीचा पदर खोचला, सिंधुच्या शेजारी बसली आणि पिठाचा गोळा हातात घेतला. आप्पासाहेब बघतच राहिले.

"अगं, काय करायलीस?"

"भाकरी करायले." अंबिकाचा हात बसलेला होता, भाकरी गरागरा फिरत मोठी होत गेली. "तुमच्या हॉलात लग्नं लागतील. लई थाटात लागतील. पन लग्न लागल्यावर पोरगी नांदायची कुठं? पत्र्यात?"

"हे घरी बोलू."

"घरी तुम्ही ऐकत न्हाई, म्हणून हितं बोलले."

सिंधुनं ती भाकरी तव्यावर टाकली. भाकरी टम्म फुगली. रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली आणि आप्पासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

त्या एका दुपारनं सगळं झालं असं नाही. पुढं तीन महिने भांडण चाललं. गुरम्मा प्रत्येक बैठकीला गेली, आता तिच्याबरोबर दहा-बारा बाया असायच्या. वकील आले, वडीलधारे मधे पडले. शेवटी ठरलं ते असं: रस्त्याकडच्या बाजूला मंगल कार्यालय होणारच. मागच्या बाजूला चार ओळींऐवजी दोन ओळी घरं, आधी एक ओळ, ती चालली तर दुसरी. मात्र जातीची अट नाही. गावात राबणाऱ्या कुणालाही, चिठ्ठ्या टाकून.

अमरनाथनं पेढे आणले. गुरम्मानं पुडा उघडला नाही. "निम्मं बी न्हाई मिळालं," ती म्हणाली. "ह्याला जिंकलं म्हंतेत का?"

दिवाळीनंतर विटा पाडायला सुरुवात झाली. मुग्धाचे विद्यार्थी आणि केंद्रातल्या बाया मिळून मशीनचा दांडा ओढायच्या. गुरम्मा रोज सकाळी कोपऱ्यातल्या सळया बघून जायची. एके दिवशी ठेकेदारानं दारावरचा पट्टा न ओतताच पुढच्या विटा लावल्या. "पुढच्या घराला घालू, ह्याला चालतंय," तो म्हणाला. गुरम्मानं कोपऱ्यातला घण उचलला आणि त्याच्या डोळ्यांसमोर नवी ओळ खाली पाडली. मुग्धाही तिथं होती, तिनं अडवलं नाही. ठेकेदार शिव्या देत निघून गेला. दोन दिवसांनी परत आला आणि पट्टा ओतला.

चैत्रात घरं उभी राहिली. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा सिंधुचं नाव आलं नाही.

गुरम्माला वाटलं पुन्हा एकदा घण उचलावा. चिठ्ठ्या मुग्धानं काढल्या होत्या, सगळ्यांसमोर, त्यात लबाडी नव्हती. तरी गुरम्मा दोन दिवस जेवली नाही. आप्पासाहेब म्हणाले, "वहिनी, मी शब्द टाकतो. कुणाचंतरी नाव मागं घेऊ, सिंधुला देऊ." त्यांना ते मोठेपणाचं वाटत होतं.

"नको," गुरम्माच्या आधी सिंधुच बोलली. ती पोरीचे केस विंचरत होती. "उद्या माझं नाव मागं घेऊन दुसऱ्याला देसाल. मी दुसऱ्या ओळीत येते. दुसरी ओळ करा."

पहिल्या ओळीत शेवटचं घर मोंढ्यातल्या गोदामात हमाली करणाऱ्या मलप्पाला मिळालं. त्याच्या व्हरांड्यात मे महिन्याच्या दुपारी भाकरी केंद्राच्या चुली हलल्या. मलप्पा म्हणाला, माझी खोली दिवसभर रिकामी असते, सिंधुची पोर आत झोपू दे. पोर झोपली. त्या उन्हाळ्यातले फोड सुकले. त्या ओळीत दुपारी जेवायला आणि गारव्याला येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की कारण मोजायला मुग्धानं तिथंच थर्मामीटर लावलं. बाहेरच्या आणि आतल्या तापात एवढा फरक पडत होता की विद्यार्थ्यांनी यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं.

आप्पासाहेब एकदा दुपारी संगमरवराची पाटी घेऊन आले. तिच्यावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरात होतं, खाली 'यांच्या प्रेरणेने' असं लिहिलेलं. दोन मजूर ती पाटी धरून उन्हात उभे होते.

"वहिनी, ही पहिल्या घराच्या भिंतीवर बसवायची."

गुरम्मानं पाटी पूर्ण वाचली. मग मजुरांना म्हणाली, "ठेवा बाबा खाली, हात भाजतेल." पाटी लिंबाच्या बुंध्याला टेकवली गेली. "बसवू की भावजी. दुसऱ्या ओळीवर. जवा तिचं पायाखोदण निघंल, त्याच दिवशी."

"वहिनी, तुम्ही कायम अडवून धरता."

"हाव. धरते."

आप्पासाहेब रागानं वळले, पण ऊन फार होतं. चार पावलं गेले आणि थांबले. मग परत आले आणि मलप्पाच्या व्हरांड्यात, चुलीपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसले. सिंधुनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी प्यायले, त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"गार हाय," ते म्हणाले.

"हाय," गुरम्मा म्हणाली. "मृगाच्या आधी पायाखोदण काढा."

त्यांनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला. गुरम्मानं परात पुढं ओढली, पीठ घेतलं आणि पुढच्या रविवारच्या बैठकीला किती बाया न्यायच्या, ते सिंधुशी मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं बोलायला सुरुवात केली.